सतरावी खेळी

॥ श्री ॥
धनकवडी, पुणे
दि. ९ जानेवारी १९८३

ती. नानांस,
प्रेमलाचा शि. सा. न. वि. वि.

तुमची वही परवा पोस्टाने सुखरूप पोहोचली. बार्शीच्या पोस्टाने तिच्यावर एवढी लाख ओतली होती की आईला वाटलं, आत दागिने असावेत. आत एकच डाव निघाला म्हटल्यावर तिची निराशा झाली. माझी मात्र नाही. सव्वीस पानं आणि डाव एकच! प्रत्येक खेळीखाली तुमच्या बारीक अक्षरातल्या टिपा, आणि वर लिहिलेलं, 'जिल्हा अजिंक्यपद, पुणे, १९५५, शेवटचा डाव, पांढरी मोहरी संभाजी सोनबा.' नाना, तुम्ही असं काही जिंकलं होतंत हे आम्हाला घरात कुणी कधी सांगितलं नाही.

माझं दुखणं तुम्हाला ठाऊकच आहे. मी हरत नाही, पण जिंकतही नाही. गेल्या स्पर्धेत सात डावांपैकी सहा बरोबरीत सुटले. आमच्या मंडळाचे चिटणीस श्रीनिवासराव पेठेतले, तेव्हा त्यांचं बोलणं तुम्ही ओळखालच. ते म्हणाले, की आपल्यासारख्या शांतताप्रिय व्यक्तीने बुद्धिबळात न येता शेजाऱ्यांची भांडणं मिटवायचं काम घ्यावं, तिथे फार मागणी आहे. सगळे हसले. मीही हसले, पण घरी येईपर्यंत बसमध्ये डोळे पुसत होते.

आता फेब्रुवारीत निवड स्पर्धा आहे. आठ जणी, प्रत्येकीचा प्रत्येकीशी डाव, आणि पहिल्या दोघी राज्याच्या संघात. संघात गेलं की बँकेत खेळाडूंसाठी राखीव जागा असते, तिथे अर्ज करता येतो. आबांनी स्वच्छ सांगितलंय की ही स्पर्धा शेवटची. निवड झाली नाही तर फुरसुंगीच्या स्थळाला होकार कळवायचा. मुलगा वाईट नाही म्हणतात. पण त्यांच्या घरी पहिल्याच भेटीत मला विचारलं, की हा पट-बिट लग्नानंतर बंद होईल ना. आबांना तर घरात पट मांडलेलाच खपत नाही. मी मांडला की ते उठून गोठ्याकडे जातात. असं का, ते विचारायची सोय नाही.

म्हणून तुमच्या दारी आले आहे. मला हल्ला करायला शिकवा. काकूंना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
प्रेमला


बार्शी
दि. १४ जानेवारी १९८३

चि. प्रेमला हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळाले. चिटणीसबुवांचे बोलणे मनावर घेऊ नकोस. पुण्यात टोमणा मारला नाही तर माणसाला जेवण पचत नाही.

वही वाचू नकोस. पोस्टकार्डाने पान झाक, पट मांड, पांढऱ्याची पुढची खेळी स्वतः ठरव, कागदावर लिही, आणि मगच कार्ड एक ओळ खाली सरकव. तुझी खेळी आणि माझी खेळी वेगळी निघाली तर टीप वाचायच्या आधी अर्धा तास का ते शोध. मी शाळेत गणिताची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी बघणाऱ्या पोरांना बाकावर उभे करतो. तुला इतक्या लांबून उभे करता येत नाही, तेव्हा तू आपण होऊन प्रामाणिक राहा.

हल्ला म्हणजे आरडाओरडा नव्हे. प्रत्येक खेळीला समोरच्याला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर देऊन त्याने श्वास घ्यायच्या आत दुसरा विचारायचा, एवढेच. पंधराव्या खेळीला मी उंट देऊन राजापुढचे प्यादे मारले आहे. तिथे तुझा हात आखडेल. तुझी जात राखणाऱ्याची आहे. मोहरा गेला याचे दुःख करू नये, तो गेल्याने राजाचे दार किती उघडले ते मोजावे. मग घोडा शह देतो, मग वजीर येतो. शेवटी बाविसाव्या खेळीला प्यादेमात. तुझे आजोबा, आमचे तात्या, पारावर खेळायचे तेव्हा वजिराने केलेली मात त्यांच्या लेखी मातच नसे. वजिराने कुणीही मारतो, प्याद्याने मारील तो खेळाडू, असे ते म्हणत. आपल्याकडच्या जुन्या खेळात तोच मान होता.

तुझ्या आबास, हिंदुरावास, माझा आशीर्वाद सांग. त्याच्या गाळ्यावर कांद्याची आवक बरी असावी. काकूने तिळगूळ धाडला आहे, तो फुटला असल्यास पोस्टाला दोष द्यावा, तिला देऊ नये. ममता आहे तशीच राहावी.

तुझा,
नाना


धनकवडी, पुणे
दि. ६ फेब्रुवारी १९८३

ती. नानांस शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ फुटला नव्हता. तो फोडायलाच बत्ता लागला, हे काकूंना सांगू नये.

वही आता जवळजवळ पाठ झाली. पहिल्यांदा पंधराव्या खेळीला मी उंट मागे घेतला होता, अगदी तुम्ही म्हणालात तसा. कार्ड सरकवलं आणि खाली टीप, 'इथे उंट मागे घेणाऱ्याने पट गुंडाळून घरी जावे.' तीन दिवस मी ती टीप वाचून रागावत होते. चौथ्या दिवशी उंट दिला, आणि पटावर खरंच दार उघडल्यासारखं झालं. गेल्या रविवारी मंडळात एका डावात मी आपण होऊन घोडा दिला आणि बावीस मिनिटांत जिंकले. श्रीनिवासरावांनी चष्मा पुसून पाहिला आणि कोणी आजारी आहे का असं विचारलं. त्यांच्याकडून ही शाबासकीच समजायची.

आता महत्त्वाचं. स्पर्धेचा शेवटचा डाव मंदाकिनीशी आहे, आणि पांढरी मोहरी माझी. ती पेठेतली, बँकेतच आहे, दोनदा राज्यात पहिली आली. तिचे जुने डाव मी चिटणिसांकडून उतरवून घेतले. नाना, ती नेहमी ज्या बचावाने खेळते तो तुमच्या वहीतल्या काळ्याचाच बचाव आहे! पहिल्या चौदा खेळ्या जशाच्या तशा. म्हणजे तुमचा डाव मला तिच्यावर खेळता येईल.

फक्त एक गाठ सुटत नाही. सतराव्या खेळीला तुमचा वजीर राजासमोर येतो, तेव्हा काळा हत्ती सरकवतो आणि आपल्याच राजाची पळवाट अडवतो. असं कोण करील? मी असते तर घोडा मागे आणून राजाजवळ उभा केला असता. मंदाकिनी तर नक्कीच आणील. घोडा मागे आला की तुमच्या अठराव्या खेळीचं ते प्यादं पुढे ढकलणं जमतं का? मला काही दिसत नाही. टिपेत तुम्ही एवढंच लिहिलंय, 'काळ्याला दुसरे काही नाही.'

उत्तर लवकर धाडावं. लोभाला खंड नको.

तुमची,
प्रेमला


बार्शी
दि. १० फेब्रुवारी १९८३

चि. प्रेमला हीस अ. उ. आ.

पत्र पोहोचले. परीक्षेचे पेपर काढायचे असल्याने थोडक्यात लिहितो.

काळ्याने हत्ती हलवला कारण त्याला तो हलवावासा वाटला. समोरच्याच्या चुकांची कारणे देत बसणे हे टीपकाराचे काम नव्हे. तू एका खेळीवर अडून राहू नकोस. हल्ल्याचा ओघ समजून घे. मंदाकिनीवर हा डाव खेळावा असे मी म्हटलेले नाही. दुसरे काही खेळ.

प्रकृतीस जपावे.

नाना


धनकवडी, पुणे
दि. २० फेब्रुवारी १९८३

ती. नानांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही रागावलात हे कळलं. का ते कळलं नाही. तुमच्या पत्रात काकूंचं नाव नव्हतं आणि एकही टोमणा नव्हता, म्हणून मला जास्तच धास्ती वाटली.

स्पर्धेचे चार डाव झाले. दोन जिंकले, दोन बरोबरीत. मंदाकिनीने चारही जिंकले. आणखी एकीचे माझ्याएवढेच गुण आहेत. हिशेब सोपा आहे. पुढचे दोन मी जिंकले तरी चोवीस तारखेला मंदाकिनीशी बरोबरी चालणार नाही, जिंकायलाच हवं. फुरसुंगीकरांचा निरोप येऊन गेला, की पंचवीसला ते सुपारी घेऊन येऊ शकतात. आई माझ्याकडे बघते आणि भाकऱ्या थापत राहते.

नाना, दुसरं काही खेळायला माझ्याकडे दुसरं काही नाही. दीड महिना मी तुमच्याच डावात राहत आहे. मी तिथे उंट देणार, घोड्याने शह देणार, वजीर आणणार. मग तिने घोडा मागे आणला तर मी तुमच्यासारखं प्यादं ढकलीन आणि देवाचं नाव घेईन. तुम्हाला जे दिसलं होतं ते मला पटावर बसल्यावर दिसेल अशी आशा आहे. तुम्ही जिंकला होतात, तेव्हा प्यादं बरोबरच असणार.

चुकलं माकलं पदरात घ्यावं आणि मायेला अंतर देऊ नये.

तुमची,
प्रेमला


बार्शी
दि. २२ फेब्रुवारी १९८३

चि. प्रेमला हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आत्ता दुपारी शाळेत मिळाले. उरलेले दोन तास दुसऱ्या मास्तरांना सांगून हे लिहायला बसलो आहे. हे तुला चोवीसच्या आत मिळेल याची खात्री नाही, म्हणून इथून तारघरात जाणार आहे. पण तारेत कारण लिहिता येत नाही. कारण इथे लिहितो.

तो डाव मी जिंकलो नाही. हरलो.

सतराव्या खेळीला काळ्याने हत्ती हलवलाच नव्हता. तू म्हणतेस तोच घोडा त्याने मागे आणला होता. तू वीस वर्षांची पोर, तुला जे दिसले ते त्यालाही दिसले. तरीसुद्धा डाव माझाच होता. घोडा मागे आल्यावर वजिराने राजाशेजारचे प्यादे शह देत मारायचे, की पुढच्या तीन खेळ्यांत मात. सरळ, रुक्ष, कुणीही करील अशी. मला ती दिसली होती. माझा हात वजिराकडे निघालासुद्धा होता, फक्त बोट लागायचे बाकी होते. तेवढ्यात माझ्या पाठीमागे कोणीतरी अगदी हळू म्हणाले, की दादा, प्याद्याने मार, तात्यांना सांगता येईल. आवाज कुणाचा ते मला ठाऊक आहे. मी आजवर ते बोललेलो नाही आणि बोलणारही नाही. दोष त्या आवाजाचा नव्हे. हात माझा होता. वजिरावरून तो मी मागे घेतला आणि प्यादे ढकलले. त्या एका खेळीत राजा बाजूच्या घरातून निसटला. चाळिसाव्या खेळीला मी हार मानून हात पुढे केला.

घरी येऊन तात्यांना एवढेच सांगितले की हरलो. पुढच्याच महिन्यात बार्शीची नोकरी धरली. इथे आल्यावर डाव लिहून काढला, आणि लिहिताना काळ्याची सतरावी खेळी बदलली. घोड्याऐवजी हत्ती. एवढे एकच बदलले की माझे प्यादे बरोबर ठरते. मग अठ्ठावीस वर्षे मी त्यावर टिपा लिहीत बसलो. पोरांना उत्तरे चोरल्याबद्दल बाकावर उभे करणारा मी!

तू विचारलेस तेव्हाच सांगायला हवे होते. लाज वाटली. तुझ्या नशिबापेक्षा माझी अब्रू मला मोठी वाटली, हे लिहिताना फार वाईट वाटते आहे. बाकीची वही खरी आहे, पंधराव्या खेळीचा उंट खरा आहे. अठराव्या खेळीपासून पुढची पाने फाडून टाक.

या माणसाविषयी उरेल तेवढी माया ठेव.

तुझा,
नाना


तार
बार्शी, २२ फेब्रुवारी

घोडा मागे आल्यास प्यादे नको. वजिराने मारा. वही खोटी. पत्र मागून. संभाजी


धनकवडी, पुणे
दि. २५ फेब्रुवारी १९८३

ती. नानांस शि. सा. न. वि. वि.

तार तेवीसला आली. तारवाल्याची सायकल दारात बघून आईने हंबरडाच फोडला. शेजारच्या मुक्ताबाई धावत आल्या. त्यांनी मजकूर ऐकला आणि ठामपणे सांगितलं, की हे घोड्यावरून वरात परत गेल्याचं काहीतरी आहे, कुठलं तरी लग्न मोडलं. तारवालाही जायला तयार नव्हता, त्याला यातला अर्थ हवा होता. आबांनी मात्र तार एकदा वाचली, घडी घालून माझ्या हातात दिली आणि ते पायरीवर बसून राहिले. मला तेव्हाच काहीतरी वेगळं वाटलं.

मी फार रागावले होते नाना, खोटं कशाला लिहू. 'वही खोटी' एवढं वाचून माझ्या पायाखालची जमीन सरकली. दीड महिना ज्याच्यावर भार टाकला तेच खोटं, आणि हातात एकच दिवस. मी वही कोनाड्यात फेकली. मग संध्याकाळी परत काढली.

पाचवा आणि सहावा डाव मी जिंकले होते. काल सकाळी निघाले तर आबा डोक्याला पटका बांधून दारात उभे. गाळा दिवाणजींवर सोपवला आहे म्हणाले. आजवर ते माझ्या एकाही डावाला आले नव्हते. स्वारगेटला बस बदलताना त्यांनी एवढंच विचारलं, की पाणी घेतलंस का.

मंदाकिनीने चौदा खेळ्या झपझप केल्या. मी उंट दिला. तिने माझ्याकडे पाहिलं, बरोबरीवालीला वेड लागलं की काय अशा नजरेने. घोडा, शह. वजीर. तिथे ती वीस मिनिटं थांबली आणि तिने घोडा मागे आणला.

नाना, ते प्यादं इतकं चांगलं दिसत होतं! मी अठराव्या खेळीला एक्केचाळीस मिनिटं बसले. तुमची तार पर्समध्ये होती, पण वही खोटी तर तार तरी खरी कशावरून, असंही मनात आलं. शेवटी ठरवलं, की नानांचं वहीतलं ऐकायचं नाही आणि तारेतलंही ऐकायचं नाही, आपण मोजायचं. प्यादं ढकलून मोजलं, राजा निसटतो. वजिराने मोजलं, निसटत नाही. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना घड्याळाकडे बघायला मान वळवली तर आबा माझ्या मागेच उभे होते. पटक्याचा शेमला त्यांनी तोंडात कोंबून दातांत धरला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, मी हरले असं त्यांना वाटतंय.

मी वजिराने प्यादं मारलं. तीन खेळ्यांनी मंदाकिनीने हात पुढे केला. ती मोठ्या मनाची आहे, म्हणाली, की उंट दिलास तेव्हाच मला झोंबलं होतं. यादीत तिचं नाव पहिलं, माझं दुसरं. श्रीनिवासरावांनी फलकावर ते स्वतः लिहिलं, आणि इतकी वर्षं माझी शांतता ही आपली दिशाभूल होती असं जाहीर केलं. फुरसुंगीकरांना आबांनीच आज निरोप धाडला, की मुलगी अजून खेळणार आहे.

तुमचं पत्र आज दुपारी आलं. दोनदा वाचलं. राग गेला, असं म्हणणार नाही. थोडा आहे. पण तुम्ही तारघरात जाऊन 'वही खोटी' हे शब्द परक्या माणसासमोर लिहून दिलेत, ते मला कळतं. पानं मी फाडलेली नाहीत. सतराव्या खेळीवर काट मारून शेजारी 'घोडा' लिहिलं आहे, आणि पुढे माझा डाव उतरवला आहे.

पत्र वाचून झाल्यावर मी बाहेर आले तर आबांनी ते मागितलं. मी दिलं नाही, ते तुम्ही फक्त मला सांगितलेलं आहे. मग त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि तुम्हालाच लिहायला बसले आहेत. आज पहिल्यांदा पट मांडलेला असताना ते उठून गेले नाहीत.

काकूंना नमस्कार. माया होती तेवढीच आहे, तुम्हीही हात आखडू नये.

तुमची,
प्रेमला


धनकवडी
ता. २६ फेब्रुवारी १९८३

ती. दादास,
हिंदुरावचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायची सवय नाही. पावती फाडण्यापलीकडं माझा हात कागदावर चालत नाही. चुकल्यास सांभाळून घ्यावं.

पोरगी जिंकली, तिनं कळवलं असेलच. मला दुसरं सांगायचं आहे. पंचावन्न साली त्या डावाला मी तुझ्या मागं उभा होतो. तुझा हात वजिराकडं चालला होता आणि मी म्हणालो, की प्याद्यानं मार, तात्यांना सांगता येईल. तू हात मागं घेतलास. पुढं काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं. मी वीस वर्षांचा घोडा होतो, मला गप्प बसायला काय झालं होतं?

तू बार्शीला गेलास तो माझ्यामुळं. तू लग्नाकार्याला येतोस, पावसापाण्याचं बोलतोस आणि संध्याकाळच्या गाडीनं जातोस. मला वाटायचं, दादाला माझं तोंड बघवत नाही. घरात पट दिसला की मला तेच आठवायचं, म्हणून मी गोठ्याकडं निघून जायचो. पोरीनं खेळू नये असं मी म्हणत आलो ते तिच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. परवा तिच्या मागं उभा राहिलो तेव्हा परत तेच प्यादं समोर आलं, आणि मी पटका दातात धरला.

अठ्ठावीस वर्षं हे सांगायचं राहिलं. तू काय म्हणशील ते ऐकायची तयारी आहे. जमल्यास राग सोड.

तुझा,
हिंदुराव


बार्शी
दि. १ मार्च १९८३

चि. हिंदुराव यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वाचून मी चकितच झालो.

तू त्या दिवशी काही बोललास हे मला आज पहिल्यांदा कळते आहे. मला काहीही ऐकू आले नव्हते. खालच्या रस्त्यावरून लग्नाचा बँड चालला होता, आठवत असेल. शेजारच्या टेबलावर पंचांचा वाद चालू होता. त्यात तू कानाशी येऊन ओरडला असतास तरी मला कळले नसते. माझा हात वजिराकडे गेला असे तू लिहितोस. गेला नव्हता. शेजारच्या पेल्यातले पाणी घ्यायला मी हात पुढे केला होता. प्यादे ढकलायचे मी दोन खेळ्या आधीच ठरवले होते. घमेंड माझी, चूक माझी, डाव माझा. त्यात तुझा काहीही हात नाही. वेड्या, हे तू एवढी वर्षे उराशी धरून बसलास आणि मला एका ओळीने विचारले नाहीस!

बार्शीला मी नोकरीसाठी आलो. संध्याकाळच्या गाडीने परततो कारण सकाळी पहिल्या तासाला शाळा असते. याला तू राग समजलास, तर मास्तरांचा धंदाच वाईट म्हणायचा.

शाळेला सुट्ट्या लागल्या की काकूला घेऊन येतो. या खेपेस आठ दिवस राहीन. आपण दोघांनी तात्यांच्या पद्धतीने पारावर बसून खेळू. तू मोठ्याने बोललास तरी चालेल.

वहिनींस व पोरीस आशीर्वाद. भाऊ आहेस, वेगळी विनंती कशाला.

तुझा,
दादा

ता. क. हे पत्र प्रेमलाला दाखवू नकोस. तिला हल्ली माझ्या टिपा तपासायची खोड लागली आहे.